दिवेघाट चढतांना

पुण्याहून सासवडास मोटारीनें आम्ही अनेकदां गेलों असूं. परंतु दिवेघाट पायीं चढण्याचा योग गेल्या आषाढी वारींतच आला, आणि तोहि वहिनींमुळें. थोरले बंधु दोन वर्षांपूर्वीं वारले. तत्पूर्वीं वहिनींच्या गुणगुणण्यानें आमचें घर पहाटे जागें होत असे. तेव्हांपासून मात्र त्यांचा कंठ मुका झाला होता. कोणीं आग्रह केलाच तर “आवाज राहिला नाहीं,” एवढेंच म्हणत. एक दिवस वारींत चालूं या का, असें विचारतांच त्या ‘हो’ म्हणाल्या, याचें आम्हांस नवलच वाटलें.

हडपसरापाशीं तुकोबारायांची पालखी लोणीची वाट धरते आणि माउलींची सासवडकडे वळते. वडकीचा विसावा आटोपला कीं घाट लागतो. रथाला बैलांच्या जादा जोड्या जुंपलेल्या, खालीं मस्तानी तलावाचें पाणी, आणि वळणावळणावर पताकांची रांग. आमच्या दिंडींत टाळकरी, पखवाजी, वीणेकरी, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, सारींच गात होतीं. कोणाचा सूर चढलेला, कोणाचा उतरलेला, एका आजोबांचा तर केवळ घोगरा श्वासच. परंतु टाळ व पाऊल एका ठेक्यांत पडत असल्यानें सर्वांचा मिळून एकच नाद होत होता.

दुसऱ्या वळणावर वहिनींचे ओठ हलतांना दिसले. आणखी थोड्या चढावर त्यांचा आवाज ऐकूं आला. फाटका, मध्येंच तुटणारा. शेजारच्या बाईनें वळूनहि पाहिलें नाहीं. हातांतले टाळ मात्र त्यांच्या हातीं दिले. घाटमाथ्यावर मीं विचारलें, “वहिनी, दमलांत का?”

“नाहीं भावोजी. येथें कोणी ऐकत नाहीं, तें बरें वाटलें.”

या बोलण्यास शास्त्राचाहि आधार आहे. मनावर ताण आला कीं शरीरांत कॉर्टिसॉल नांवाचा अंतःस्राव वाढतो. तो लाळेंतूनहि मोजतां येतो. वेल्समधील ५ गायनवृंदांतील १९३ जणांची अशी तपासणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांत कर्करोगाचे रुग्ण, त्यांची शुश्रूषा करणारे, आणि ज्यांचें माणूस त्या रोगानें गेलें असे शोकग्रस्तहि होते. सुमारें तासाभराच्या सामुदायिक गायनानंतर कॉर्टिसॉलचें प्रमाण उतरलें व मनें हलकीं झालीं, असें आढळलें. आदल्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका तपासणींत व्यावसायिक गायकांचें हें प्रमाण श्रोत्यांवांचून गातांना उतरलें, तर भरल्या सभेपुढें गातांना चढलें. दिंडींत गाणारे हजारों असतात, पण परीक्षेला बसलेला श्रोता एकहि नसतो.

एका घाटानें दुःख सरतें, असें कोण म्हणेल? सासवडच्या मुक्कामीं त्या रात्रीं वहिनी पुष्कळ वेळ रडल्या. चालण्याचा व सोबतीचाहि गुण असेलच. परंतु घरीं परतल्यावर आठ दिवसांनीं, पहाटे चहाचें आधण ठेवतांना स्वयंपाकघरांतून ओळखीची गुणगुण ऐकूं आली. मी आंत जाऊं लागलों, तों सौभाग्यवतीनें हात धरला : “जाऊं नका, थांबतील.”

मग आम्ही सारीं बाहेर वर्तमानपत्र चाळीत, कांहींच ऐकत नसल्यासारखीं बसून राहिलों.