वाटीतला डिंक

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील आमच्या लोणी परिसरात पाऊस हात आखडता घेतो. पण बांधावरची बाभूळ तग धरून असते. उन्हाळ्यात तिच्या खोडावर, सालीला जखम झालेल्या ठिकाणी, मधाच्या रंगाचे खडे गोठतात. लहानपणी आईबरोबर ते वेचताना ती बजावत असे, "झाडानं दिलं तेवढंच घे, साल खरवडू नकोस."

तीन वर्षांपूर्वी हाच डिंक माझ्या घरात संकट होऊन आला. आईला मोतीबिंदूमुळे अंधूक दिसत असे. तिने परसातल्या शेवग्याचा तांबूस डिंकही त्याच बरणीत भरला होता. बद्धकोष्ठावर उपाय म्हणून तिने त्याची चमचाभर पूड तोंडात टाकली आणि वर घोटभरच पाणी घेतले. पूड अन्ननलिकेत फुगून अडकली. लाळही गिळता येईना. अखेर रुग्णालयात दुर्बिणीतून तो गोळा काढावा लागला. रोज रुग्णांना "घरी आणखी काय घेता?" असे विचारणाऱ्या मला आईच्या बरणीची चौकशी करणे सुचले नव्हते, याची खंत आजही वाटते.

म्हणून ओळख नीट असावी. बाभळीची साल काळपट व उभ्या भेगांची, काटे पांढरट, सरळ व जोडीने, फुले पिवळी व गोंड्यासारखी, तर शेंग मण्यांच्या माळेसारखी जागोजागी आवळलेली असते. हिवराची साल फिकट आणि फुले दुधाळ पिवळसर असतात. खैराचे काटे आखूड व वाकडे, फुले कणसासारखी. वेडी बाभूळ मात्र निराळी: तिलाही कणसासारखी फुले येतात, पण शेंग आवळलेली नसून लांब व पिवळसर असते.

झाड ओळखता आले तरी खडा पारखून घ्यावा. तो वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवावा. बाभळीचा डिंक विरघळून चिकट द्राव होतो. शेवग्याचा किंवा कांडोळाचा डिंक जेलीसारखा फुगतो. शंका राहिली तर तो पोटात घेऊ नये.

बाभळीचा डिंक हा विरघळणारा तंतू आहे. लहान आतड्यात तो पचत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याचे विघटन करतात. त्यामुळे थोडा घेतल्यास शौचाला मदत होते, जास्त झाल्यास वायू धरतो. डिंकाने झिजलेले गुडघे भरून येत नाहीत. लाडवाची ऊब आणि ताकद मुख्यतः तूप, गूळ, खोबरे व खारकांची असते. म्हणून मधुमेह असलेल्यांनी लाडू लहान व मोजूनच खावा.

डिंक तुपात पूर्ण फुलेपर्यंत तळून बारीक कुटावा. कच्चा खडा दातांना चिकटतो. कोरडी पूड कधीही गिळू नये. औषधाच्या गोळ्या आणि डिंक यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. पक्षाघातामुळे गिळण्यास त्रास होणाऱ्यांना तो देऊच नये. घशाखाली काही अडकून लाळ गळू लागली, तर पाणी पाजत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

आईने डिंक सोडलेला नाही. आता ती रात्री वाटीत एक खडा टाकते आणि सकाळी मला हाक मारते, "बघ रे, विरघळला का?" मी पाहून सांगितल्याशिवाय बरणीचे झाकण उघडत नाही.