आरोग्यसेविका : माझी आई

आईला जाऊन दोन वर्षे झाली. विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले, तेव्हा माझ्या येथील शिक्षणाविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु ते शिक्षण ज्या वेतनातून झाले, त्या वेतनामागच्या सदतीस वर्षांविषयी लिहिणे मला अधिक उचित वाटते.

आईचा जन्म 1958 सालचा, यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या एका खेड्यातला. तिचे वडील शेतमजूर होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या जनसागरात तेही होते. अक्षरओळख नसलेल्या या माणसाने गावी परतल्यावर एक निश्चय केला : आपले मूल, मग तो मुलगा असो वा मुलगी, शाळेत जाईल. आई दहावी झाली, तिने परिचारिका-प्रसाविकेचे प्रशिक्षण पूर्ण केले आणि 1979 मध्ये ती जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात आरोग्यसेविका म्हणून रुजू झाली.

सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा शासनाचा निकष. आईच्या वाट्याला त्याचा अर्थ असा होता : चार गावे, तीन बंजारा तांडे आणि मधले दोन नाले. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर एसटी शिरत नसे. मग खांद्याला लसींचा डबा अडकवून, चपला हातात घेऊन ती निघे. डब्यातला बर्फ वितळण्याआधी लस मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे, एवढेच तिच्या ध्यानी असे. तांड्यावरच्या बाया मराठीत मोकळ्या होत नसत, म्हणून ती कामापुरती गोरमाटी शिकली. लस टोचली की मुलाला ताप येतो, म्हणून काही घरे दार लावून घेत. जेथे लस दिली असेल तेथे ती दुसऱ्या दिवशी आवर्जून जाई आणि ताप उतरला का, ते पाही. पुढच्या खेपेस दारे उघडी असत.

नोकरीच्या पहिल्या गावात तिला भाड्याने खोली मिळाली नाही. आडनाव सांगितले की खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असे. शेवटी उपकेंद्राच्या एका खोलीतच तिने संसार मांडला. ज्या घरी तिला पाणी वरून ओंजळीत मिळे, त्याच घरातून मध्यरात्री कंदील घेऊन माणूस येई आणि ती लगबगीने त्याच्यामागे निघे. बाळ प्रथम तिच्याच हातांवर येई. त्या क्षणी विटाळाची आठवण कोणालाच होत नसे. मोठी झाल्यावर मी तिला विचारले होते, "आई, तुला राग येत नव्हता का?" ती म्हणाली, "यायचा ना. पण अडलेल्या बाईवर तो काढायचा नसतो, बाळा."

घरी दोन एकर कोरडवाहू शेती होती. कपाशी साधली तर साधली. दोन्ही काकांचे शिक्षण, आत्याचे लग्न, विहिरीचे कर्ज, सारे आईच्या पगारातून झाले. आजीला अर्धांगवायू झाला, तेव्हा सात वर्षे आईने तिला पहाटे न्हाऊमाखू घातले, कूस बदलून दिली आणि मग नोंदवह्या घेऊन ती बाहेर पडली. रात्री बाळंतपणाचे बोलावणे आले की बाबा स्वतः भाकरी थापून आम्हा भावंडांना जेवू घालत. त्यांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही. हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण आईच्या सेवेत त्यांचाही वाटा होता.

गावची शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे 1993 मध्ये मला या वसतिगृहात घातले गेले. डिसेंबर 1995 मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पुढे भेटीचा रविवार आणि पोलिओचा रविवार एकत्र आले, की बाबा एकटेच येत. डब्यात जवसाची चटणी आणि आईची चिठ्ठी असे : 'आज लहान मुलांचा दिवस आहे. तुझा पुढच्या रविवारी.' मी फाटकाकडे पाहत राही. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. ती बातमी वर्तमानपत्रातून कापून घेत आई मला म्हणाली, "तुझे रविवार वाया नाही गेले बघ."

अशा स्त्रियांविषयी बोलताना आपण 'त्याग' हा शब्द सहज वापरतो. आईला तो रुचत नसे. "घरात मी सून, वहिनी, आई. मस्टरवर मात्र माझे स्वतःचे नाव आहे," असे ती म्हणे. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिकाळातील सवेतन विश्रांतीच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. स्त्रीचे श्रम हे हक्काचे काम आहे, उपकार नव्हेत, ही जाणीव आईला तेथूनच मिळाली असावी.

2016 मध्ये ती निवृत्त झाली. निवृत्तिवेतनातून दरवर्षी जूनमध्ये ती दोन मुलींच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उचलत असे. तो क्रम आम्ही भावंडांनी चालू ठेवला आहे.

या विद्यालयातून शिकून गेलेल्या अनेकांच्या मागे अशीच एखादी आई आहे : कोणी परिचारिका, कोणी शिक्षिका, कोणी टपाल कार्यालयातील लिपिक. तिच्या कामाच्या गोष्टी तिच्याकडूनच ऐकून लिहून ठेवाव्यात, एवढीच माझ्या बंधुभगिनींना विनंती. आईच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.