बाई, तुला पळणारी गाडी कशाला?

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण चार दुकानं पालथी घालतो. पदर उलटा करून बघतो, काठ चिमटीत धरून बघतो, रंग जाईल का म्हणून दुकानदाराला पाचदा विचारतो. भाजी घेताना भेंडीचं टोक मोडून बघतो. मग घरात गाडी यायची म्हटली की आपण पुरुषांच्या मागे पर्स धरून नुसत्या उभ्या का राहतो? हा प्रश्न मला पडला तेव्हा मी ५८ वर्षांची होते. जरा उशीरच झाला म्हणायचा!

मी मुलुंडला राहते. घाटकोपरच्या एका शाळेत ३१ वर्षं शिकवलं. त्या ३१ वर्षांत लोकलच्या दारातल्या दांडीशी जेवढी ओळख झाली, तेवढी सख्ख्या नणंदेशीही झाली नसेल. निवृत्त झाले, फंडाचे पैसे हाती आले. बराचसा भाग मुदतठेवीत टाकला आणि सहा लाख बाजूला काढले.

"हे कशाला?" ह्यांनी विचारलं.

"गाडीला."

"बरं. छोटीशी घेऊ एखादी. साधी."

"साधी नको. मला पळणारी हवी."

ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुला पळणारी गाडी कशाला?" त्यानंतर आमच्या घरात आठ दिवस अबोला होता. रागापेक्षा त्यांना काळजी जास्त होती, हे मला कळत होतं. ह्या वयात पैसे उडवायचे, हातपाय मोडून घ्यायचे, लोक काय म्हणतील, सगळं त्यात होतं. पण मलाही माघार घ्यायची नव्हती. आजवर घरात जे जे आलं ते ‘गरज आहे’ म्हणून आलं. मिक्सर गरजेचा, फ्रिज गरजेचा, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज, तेही गरजेचं. ‘मला आवडतं म्हणून’ हे कारण मी एवढ्या वर्षांत एकदाही दिलं नव्हतं. तुम्ही शेवटचं कधी दिलं होतं, आठवून बघा.

आवड कुठून आली तेही सांगते. माझे बाबा कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात रंगखात्यात होते. तिथे फियाट बनायची. १९७४ च्या सुमारास तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. त्या काळी पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. बाबांच्या हाताखालून अशा किती गाड्या रंगून बाहेर पडल्या देव जाणे, पण स्वतःची एकही झाली नाही. रविवारी रस्त्यात एखादी फियाट उभी दिसली की ते वाकून बोटाच्या पेराने तिच्या दारावर टकटक करायचे. "ऐक," मला म्हणायचे, "चांगला पत्रा बोलतो. पुट्टी भरलेला पत्रा मुका असतो." मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, ती बातमी वाचताना मला ती टकटकच ऐकू आली.

आता पळणारी गाडी म्हणजे काय? सिनेमात दिसते ती दोन दारांची, जमिनीला चिकटलेली गाडी आपल्यासाठी नाही. पण आपल्याकडे काही कंपन्यांनी नेहमीच्या छोट्या गाडीलाच टर्बो इंजिन बसवून तिच्या चपळ आवृत्त्या काढल्या होत्या. टर्बो म्हणजे चुलीची फुंकणी समजा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि गाडी सूं करून पुढे जाते. ह्यातल्या काही गाड्या आता नव्या मिळत नाहीत, जुन्याच घ्याव्या लागतात, आणि म्हणूनच त्या सहा लाखांत बसतात.

माझ्या भाच्याने तीन नावं काढून दिली. पहिली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. ही २०१३ मध्ये आली, १०५ अश्वशक्तीची, सात गिअर आपोआप बदलणारी. पुण्याजवळ चाकणला बनायची, २०२२ मध्ये पोलो बनणंच थांबलं. दुसरी फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ ची, १४५ अश्वशक्ती. हीही पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावची. तिसरी मारुतीची बलेनो आरएस. २०१७ ते २०२० एवढीच निघाली, एक लिटरचं इंजिन, १०२ च्या आसपास अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक.

माझं मन कुठे धावलं असेल, सांगायला नकोच. फियाट! तिच्या बोनेटवर विंचवाचं चिन्ह असतं. ते बघून ह्यांनी अबोला मोडला. "घरात विंचू आणायचा?" एवढंच म्हणाले, पण पहिल्या रविवारी पायात चपला घालून निघाले मात्र माझ्याबरोबर.

पहिली पोलो, अंधेरीला एका व्यापाऱ्याकडे. अशी चकचकीत की भांग पाडावा! तो व्यापारी सगळं ह्यांनाच सांगत होता. ह्यांनी शेवटी हात जोडले. "अहो, मला स्कूटरसुद्धा येत नाही. गाडी ह्यांची आहे, ह्यांना सांगा." मी आत बसले. अत्तराचा घमघमाट. आता बंद डब्यात कोणी एवढं अत्तर का शिंपडतं, हे कुठल्याही गृहिणीला कळतं. मी सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून काढला. नेहमी आत गुंडाळलेला राहतो त्या भागावर मातकट रेघ होती. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज. गाडी पाण्यात बुडाली होती! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आपण विसरलेलो नाही. त्यानंतरही दर दोन-तीन वर्षांनी आपल्या उपनगरांत गाड्या पाण्याखाली जातातच. बुडालेली गाडी धुऊन पुसून उभी करता येते, पण तिच्या वायरिंगमधला गंज पुढे महिन्यांनी बाहेर येतो. आपण नमस्कार करून निघालो.

तरी एक सांगून ठेवते. ती गाडी वाईट निघाली म्हणून पोलो वाईट ठरत नाही. फक्त जीटीचा तो जुना आपोआप गिअरबॉक्स थांबत-थांबत चालणाऱ्या गर्दीत तापतो आणि त्याची दुरुस्ती महाग पडते. ती घेणार असाल तर गिअरबॉक्सचं काम झालंय का, ते आधी विचारा. २०२० नंतरच्या पोलोत गिअरबॉक्स वेगळा आहे.

दुसरा रविवार बोरिवलीचा. लाल पट्ट्यांची अबार्थ. मालक तरुण मुलगा, लग्न ठरलं म्हणून विकत होता. "काकू, चालवून बघा ना," म्हणाला. मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू? पाय जरा दाबला आणि पाठ सीटला टेकली. मी मोठ्याने हसले, अगदी मुलीसारखी. मागे बसलेल्या ह्यांनी दाराची मूठ घट्ट धरली होती, पण तेही काही बोलले नाहीत. मनात मी पैसे देऊन मोकळी झाले होते.

उतरल्यावर सहज, खरंच सहज, बाबांसारखी टकटक करत फिरले. बोनेट बोललं. दारं बोलली. मागचा डावा पत्रा मात्र मुका. मी पुन्हा वाजवला. पर्समधून फ्रिजवरचं चुंबक काढलं, रुमालात गुंडाळून लावलं. दारावर चिकटलं, तिथे घसरून पडलं. डिकीतला गालिचा उचलला, तर खाली पत्र्याला घडी आणि जोडकामाची ओळ. मुलाचा चेहरा उतरला. मागून जबर ठोकर बसली होती आणि काम बाहेर करून घेतलं होतं. घासलेली, ओरखडलेली गाडी घ्यायला हरकत नाही. पण जिचा सांगाडाच वाकून सरळ केलाय, ती वेगात कशी वागेल? आणि फियाटने तर २०१९ पर्यंत आपल्याकडे नव्या गाड्या विकणं बंद केलं होतं, त्यामुळे उद्या एखादा भाग लागला तर शोधत फिरायचं.

बोरिवलीहून मुलुंडला लोकलने यायचं म्हणजे दादरला गाडी बदलावी लागते. पुलावर माझे डोळे भरून आले. बाबांच्या नावाची गाडी मी बाबांच्याच खुणेने नाकारून आले होते. हे चहाचे दोन कप घेऊन आले. बाकावर शेजारी बसले आणि म्हणाले, "ते असते तर त्यांनीही नाहीच म्हटलं असतं. वाजवायला त्यांनी उगीच शिकवलं का तुला?" आमच्या भांडणाचा शेवट तिथे, त्या गर्दीत झाला.

तिसरी घाटकोपरला. बलेनो आरएस, राखाडी रंगाची. दिसायला अगदी चारचौघींसारखी. पुढच्या जाळीवरची ‘आरएस’ ही दोन अक्षरं सोडली तर कोणाला काही कळायचं नाही. गाडी चालवायच्या त्या घरातल्या बाई. पहाटे बोलावलं होतं, बोनेटवर हात ठेवला, थंडगार! म्हणजे आम्ही येण्याआधी इंजिन गरम करून ठेवलेलं नव्हतं. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर येतो का, ते टर्बो गाडीत बघायलाच हवं. तो आला नाही. बाईंनी आपणहून डाव्या बंपरवरचा ओरखडा दाखवला आणि घरखर्चाची वही आणली. दुधाच्या हिशेबाखाली तेल कधी बदललं, टायर कधी घातले, सगळं तारखेनिशी! मी टायरवरचे आकडेही वहीशी ताडून पाहिले. त्यावर चार आकडी संख्या असते, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुळलं.

मग आमच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी वर उचलून खालून पाहिली. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवली नाही ना, हेही तपासून घेतलं. चपळ गाड्यांचे हौशी मालक असं करतात, आणि ते विमा कंपनीला कळवलेलं नसेल तर दावा अडतो. टर्बोचे काही भाग ह्याच गाडीपुरते आहेत, ते मिळतील ना, हेही आधी विचारलं. सौदा ५ लाख ४० हजारांना ठरला.

कागदांचं पाहताना घाई करू नका. आरसी पुस्तिकेवर मालक कितवा ते बघा, चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. परिवहनच्या संकेतस्थळावर थकलेले दंड बघा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. आणि पूर्ण कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, मग समोरचा कितीही गोड बोलो.

ह्या सगळ्यात मला एक उमगलं. आपण गाडीचं नाव ठरवायला बसतो, पोलो की फियाट की मारुती. पण जुनी गाडी ही स्थळासारखी असते. नुसतं घराणं बघून मुलगी देत नाहीत, मुलगा बघतात. दहा पोलोंमध्ये एक उत्तम निघेल, दहा बलेनोंमध्ये चार वाईट निघतील. शेवटी आपल्यासमोर उभी असलेली एकच गाडी आपल्याला वाजवून बघायची असते.

पहिल्या दिवशी भल्या सकाळी आम्ही लालबहादूर शास्त्री मार्गाने कुर्ल्यापर्यंत गेलो. कारखान्याच्या जागी आता उंच इमारती आहेत. प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलंय. मी गाडी बाजूला घेतली. हे खाली उतरले, वाकले आणि बोनेटवर बोटाने टकटक केली. काही बोलले नाहीत. परत येताना पूर्व द्रुतगती मार्गावर रस्ता मोकळा मिळाला, वेगाची मर्यादा पाळूनच मी पाय जरा दाबला. ह्यांनी दाराची मूठ धरली. पण ह्या वेळी हसत.

चुंबक मात्र मी पुन्हा फ्रिजवर लावलेलं नाही, ते पर्समध्येच आहे. परवा समोरच्या वहिनी हळूच विचारत होत्या, "रविवारी माझ्याबरोबर याल का? भांडुपला एक गाडी बघायचीय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही."

जाणार आहे!