पुढचं तुम्ही वाचा

आमची भिशी पैशांची होती. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीतल्या बायका महिन्यातून एकदा जमायच्या, चिठ्ठी निघायची, मग चहा, चिवडा आणि कुणाच्या तरी सुनेविषयी दोन शब्द. त्या दोन शब्दांना कंटाळून माईंनी एकदा वाचनालयातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ आणलं. माई मराठीच्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. प्रत एकच, म्हणून मोठ्याने वाचायचं ठरलं. पुस्तक जाडजूड. महिन्याला एकदा भेटून ते आमच्या हयातीत संपलं नसतं, म्हणून दर गुरुवारी दुपारी बसायला लागलो.

मी तेव्हा भिशीला जाणं सोडलं होतं. हे गेल्याला थोडेच महिने झाले होते. मी आत शिरले की चाललेलं हसणं थांबायचं, कुंकवाचा करंडा घाईघाईने मागे सरकायचा. वाईट कुणीच नव्हतं, सगळ्या मला जपत होत्या. त्या जपण्याने माझा जीव गुदमरायचा. एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या साताऱ्याच्या वहिनी दारात उभ्या. म्हणाल्या, “पैसे भरताय न्हवं वेळेवर? मग पुस्तक ऐकायला काय झालं?” मी गेले. ऋण म्हणायचं तर तिथपासून मोजावं लागेल.

हरिभाऊ आपट्यांनी ही कादंबरी 1890 पासून स्वतःच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः छापायला सुरुवात केली. वय सव्विशीच्या आसपास. एवढ्या वयाचा पुरुष नायिकेच्या, यमूच्या तोंडून, ‘मी’ म्हणून, सगळी गोष्ट सांगतो. बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई पहिल्या दिवसापासून यमूवर चिडलेल्या. सारखं काय सोसायचं, निघून का जात नाही ही? माई म्हणायच्या, जाईल कुठे? कर्व्यांची विधवांसाठीची संस्था निघायलाही अजून काही वर्षं होती. पण यमूच्या वडिलांचा संताप आला, त्यांची चाहूल लागताच घर कसं गप्प होतं ते आलं, तेव्हा वाद थांबले. प्रत्येकीला आपापलं घर आठवत होतं. त्या दिवशी चहा फार उशिरा झाला.

वहिनी मात्र सगळ्याच गोष्टीला मान डोलावणाऱ्या नव्हत्या. एकदा विधवांचा विषय निघाला तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, “हे तुमच्या बामणाघरचं झालं. आमच्यात म्होतूर लावायचे, म्हंजी दुसरं लगीन. बोडकी करून कोपऱ्यात बसवायची रीत नव्हती. आमच्या बायकांना दुसरी दुःखं होती, ती कुणी लिहिली?” खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं. माईंनी ताराबाई शिंद्यांचं नाव घेतलं. बुलढाण्याच्या या मराठा बाईने 1882 मध्येच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून उच्च जातींतल्या पुरुषांसकट सगळ्यांना धारेवर धरलं होतं. जोतीराव-सावित्रीबाईंनी तर 1863 मध्येच पुण्यात फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. आणि कादंबरी सुरू झाली त्याच सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला होता. हे ऐकून वहिनी खूश झाल्या. त्यांच्या मते कादंबरी त्या न्हाव्यांवर लिहायला हवी होती. मला अजूनही वाटतं, कुणीतरी लिहावी.

मग यमूचा मुंबईतला संसार आला. सासरच्या जाचातून सुटलेली यमू आणि तिला शिकवणारा, तिच्याशी माणसासारखं बोलणारा तिचा नवरा रघुनाथराव. मला ऐकवेना, कारण पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं. वहिनींना कादंबरी अजिबात माहीत नव्हती, तरी वाचन थांबल्यावर त्याच बोलल्या. “पुढं काय झालं ते हिला सांगायच्या आधीच ठाऊक आहे ना? तरी बघा कशी चवीनं सांगतीय. एक गोष्ट म्हणून कमी केली नाही पोरीनं.”

विधवा झाल्यावर लिहायला बसलेली ही बाई आपल्या सुखाला कात्री लावत नाही, हे मी आधी वाचूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याशी तर ह्यांच्याबद्दल कुणी बोलतच नव्हतं. विषय निघालाच तर शेवटच्या आजारपणाचा निघायचा. त्या दुपारी मी भीत भीत सांगितलं की हे चव न बघताच आमटीत मीठ घालायचे आणि मग खारट झाली म्हणून माझ्यावर चिडायचे. बायका हसल्या. मग लोकलमधल्या चौथ्या सीटवरून त्यांनी केलेलं भांडण सांगितलं. मग लग्नानंतरच्या महाबळेश्वरचं, त्यातलं सांगण्यासारखं तेवढंच. घरी गेले तेव्हा घसा दुखत होता.

पुढे केशवपनाचं प्रकरण आलं. यमूच्या सासरचे शंकरमामंजी आता काय करणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. माई वाचता वाचता थांबल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “पुढचं ज्याने त्याने घरी वाचू या.” कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. वहिनींनी माईंच्या हातातून पुस्तक घेतलं, पान धरून माझ्यासमोर केलं. “पुढचं तुम्ही वाचा.”

मी वाचलं. आवाज दोनदा फुटला, पण पाणी घेऊन कुणी धावलं नाही. पान संपल्यावर बँकेच्या ताई शंकरमामंजींना जे बोलल्या ते छापण्याजोगं नाही. त्या दिवसानंतर करंडा मागे सरकायचा थांबला. कुंकू लावायचं की नाही, हे मला विचारायला लागल्या. मी कधी हो म्हणते, कधी नाही.

हल्ली आम्ही उद्धव शेळक्यांची ‘धग’ वाचतोय, वहिनींच्या हट्टाने. कौतिकच्या वऱ्हाडी बोलण्याची माईंच्या तोंडी पार दशा होते. मागे एकदा जिन्यात गाठून मी वहिनींना म्हटलं, त्या दिवशी तुम्ही पुस्तक माझ्या हातात दिलंत, त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्या हसल्या. “कसले उपकार? माझा चष्मा घरी राहिला होता. नाहीतर मीच वाचलं असतं की.”

चष्मा त्यांच्या गळ्यात होता, काळ्या दोरीला. मी पाहिला होता.