तीन की आठ

दिवाळीआधीची रात्रपाळी होती आणि बोनसच्या स्लिपा छापल्या जात होत्या. प्रिंटरमध्ये कागद ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या डाव्या बाजूला कागद गोळा झाला, तो ओळखीचा चर्र आवाज आला, आणि मी ओरडलो, "रायटर होल्ड कर." टर्मिनलवर आमची ट्रेनी बसली होती. तिने होल्ड दिला. मी चोथा ओढून काढला, शेवटची धड स्लिप फाडली आणि तिच्यावरचा कामगाराचा टोकन नंबर वाचून सांगितला. "एक्केचाळीस अठ्ठ्याऐंशी."

होल्ड, रिलीज, डिलीट कुणालाही येतं. आमच्या एएस/४०० मशीनवर छपाईची रांग दाखवणाऱ्या 'वर्क आउट क्यू'च्या पडद्यावर ३ दाबा, ६ दाबा, ४ दाबा. ग्यानबाची मेख एकच आहे, आणि मी तिच्याभोवती तीस वर्षं घिरट्या घालतोय: अर्ध्यात थांबलेलं काम कितव्या पानापासून पुन्हा सुरू करायचं?

पडद्यावर पानाचा आकडा दिसतो, पण तो रायटरचा. रायटर म्हणजे प्रिंटरला पानं पुरवणारा प्रोग्रॅम, एक वाढपी. तो पुढे पुढे वाढत जातो आणि प्रिंटर थोडं आपल्या पोटात साठवून घेतो. रायटर म्हणतो ६३९ झालं, आणि कागदावर ६३४नंतर नुसता लगदा असतो. रायटरला 'पेज एंड' सांगून थांबवा, तो पान पुरं करूनच थांबेल. पण त्याचं पान, तुमच्या हातातलं नव्हे. 'इमिजिएट' सांगा, तरी प्रिंटरच्या पोटातलं बाहेर पडायचं ते पडतंच.

पे-स्लिपांचा आणखी एक घोळ. आमचा कागद बारा इंची, त्यावर चार चार इंचांच्या तीन स्लिपा. इंचाला सहा ओळी, म्हणजे स्लिप २४ ओळींची. मशीनच्या हिशेबी प्रत्येक स्लिप हे एक पान, आमच्या हिशेबी तीन स्लिपांचा एक फोल्ड. मी गठ्ठा लावतानाच दर ५० फोल्डांवर कडेला पेन्सिलीची रेघ मारायचो. कागद फाटला की रेघ बघायची, फोल्ड मोजायचे, तीनने गुणायचं, दोन वजा करायचे, आणि तिथल्या तिथे पान सांगायचं. समोर कुणी उभं असेल तर जरा जास्तच झटकन.

खरी सोपी वाट मला पहिल्यापासून ठाऊक होती. क्यूमध्ये ५ दाबून फाइल उघडायची, 'फाइंड'मध्ये टोकन नंबर टाकायचा, वर पान दिसतं, पुढचं पान 'रीस्टार्ट'ला द्यायचं. एका मिनिटाचं काम. पण त्या मिनिटात कुणी तुमच्याकडे कौतुकाने बघत नाही.

१९९७च्या मार्चमध्ये एका रात्रीत कागद दोनदा फाटला. पहिल्यांदा २१२व्या फोल्डवर: वरची ६३४ नंबरची स्लिप धड, खालच्या दोन गेल्या. मी ६३५पासून नव्या फोल्डच्या डोक्यावर सुरुवात केली. इथवर बरोबर. पुढे ४००व्या फोल्डचा चुराडा झाला. मी तोंडी गुणाकार केला, ११९८ आलं, दिलं. पहिल्या फाटण्यात दोन स्लिपांनी माझं गणित सरकलं होतं हे डोक्यातच आलं नाही. खरं पान ११९६ होतं. दोन माणसं पगाराच्या दिवशी टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिली, आणि त्यांतल्या एकाला त्याच दिवशी पतपेढीत स्लिप दाखवायची होती.

मी काय सांगितलं? कागद हलका आलाय, म्हणून फाटतो. कागद पुरवणाऱ्याचं बिल पंधरा दिवस अडलं. तो माझ्याकडे चहाला यायचा, नंतरही येत राहिला. त्याला मी आजवर सांगितलेलं नाही.

शेजारच्या प्लांटमधला युनिक्सवाला मित्र म्हणायचा, तुमच्या एएस/४००मध्ये सगळं मेनूवर, त्यात कसब कसलं? त्याच्याकडे 'रिजेक्ट' आणि 'डिसेबल' वेगळे. एकाने क्यूत नवं काम घेणं बंद होतं, दुसऱ्याने फक्त प्रिंटर थांबतो. दार लावणं वेगळं, हात थांबवणं वेगळं. हा फरक मला आवडायचा, पण त्याच्यासमोर मी कधी कबूल केलं नाही. तो निदान क्यू समजून तरी होता. आता लॅनवाली पोरं येतात, विंडोजमध्ये काम अडकलं की स्पूलर बंद करतात, फोल्डर रिकामं करतात, स्पूलर चालू करतात. एकाचं अडकलं म्हणून रांगेतल्या सगळ्यांचं पुसलं. बसमध्ये एकाकडे सुटे नाहीत म्हणून सगळ्यांना खाली उतरवण्यातला प्रकार. आणि वर विचारतात, "झालं ना काम?"

झालं खरं. बऱ्याचशा स्लिपा आता मोबाईलवरच जातात. १९८८ साली एएस/४०० म्हणून आलेल्या मशीनचं नाव कंपनीने पुढे अनेकदा बदललं, आम्ही अजून जुन्याच नावाने हाक मारतो. क्यूमध्ये 'एचएलडी', म्हणजे होल्ड, लावलेल्या फाइली महिनोन्‌महिने पडून असतात. कुणी सोडवत नाही, कुणी पुसतही नाही. छापायला उरलंय ते कंत्राटी कामगारांचं आणि बोनसचं.

तर एक्केचाळीस अठ्ठ्याऐंशी. ट्रेनीने फाइंड टाकलं, पडद्याकडे बघत राहिली. 'रीस्टार्ट'ला पान काही देईना.

"दे की पुढचं."

"सर, स्लिपवर नाव काय आहे?"

मला राग आला. नंबर दिला की दिला. इतक्या वर्षांत मी स्लिपवरचं नाव वाचलेलं नव्हतं, नंबरच पुरायचा. स्लिप लांब धरली, मग ट्यूबलाइटखाली नेली. रिबन शेवटाला आलेली, ठिपके फिके. नाव कसंबसं लागलं, ते वाचलं.

"ते तर एक्केचाळीस त्र्याऐंशीचं आहे," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, आणि तेच जास्त लागलं.

आठाचे डावे ठिपके मी मनाने भरले होते. तिने माझं ऐकलं असतं तर मधल्या चार माणसांच्या स्लिपा गेल्या असत्या. पाच नंबर, पण त्यांतला एक जूनमध्ये रिटायर झालेला. तिने त्र्याऐंशीच्या पुढचं पान दिलं, ६ दाबलं. प्रिंटर सुरू झाला.

मी रिबनचा नवा डबा आणायला स्टोअरकडे निघालो. डबा खरं तर प्रिंटरच्या मागेच ठेवलेला होता.