कामगार नव्हे, व्रतस्थ

तासिका तत्त्वावर मराठी शिकवणारे आम्ही काही जण अलीकडे निकालपत्रेही वाचू लागलो आहोत. दाद कोठे मागावी, या विवंचनेतून ही सवय जडली. गोव्यातील एका शिक्षिकेची नोकरी १९७५ मध्ये संपुष्टात आणली गेली. शिक्षिका 'कामगार' नव्हे, असे म्हणून सरकारने तिचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवलाच नाही. उच्च न्यायालयात ती हरली. तिच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये निकाल दिला. शाळा हा उद्योग खरा, परंतु १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत शिक्षक बसत नाही. त्याचे काम कारकुनी नव्हे, अंगमेहनतीचेही नव्हे, ते एक उदात्त कार्य आहे! म्हणजे घंटा वाजवणारा शिपाई कामगार आणि त्या घंटेसरशी वर्गात शिरणारा व्रतस्थ. (गौरवाच्या शब्दाने हक्क कसा काढून घेता येतो, हे अर्थविचार शिकवणाऱ्यांनी येथे पाहावे.) शिक्षकांना दाद मागण्यासाठी वेगळी कायदेशीर व्यवस्था हवी, असे न्यायालयानेच सुचवले, हेही नोंदवले पाहिजे. आमच्या नेमणूकपत्रात मात्र व्रताचा उल्लेख नाही. तेथे तासांचा दर आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचे रकाने कोरे आहेत.