माइकला ओठ लागण्याआधी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधे दोन-तीनदा सुरुवात केली आणि खोडून टाकली, कारण हे सगळं आधी वहिनीला नीट सांगायचं राहिलं होतं. आता तिला माहीत आहे, तेव्हा हरकत नाही.

तर झालं असं. गेल्या वर्षी नवरात्रात पेणला आमच्या आळीच्या मंडळाने एक संध्याकाळ गाण्यांची ठेवली. दरवर्षी गरबा असतोच, म्हटलं यंदा आपल्याच पोरांना गाऊ द्यावं. भाचा गिटार वाजवतो आणि गातो. त्याचे तीन मित्र. मंडळाची सचिव मी, म्हणजे अर्जांवर सह्या माझ्या.

मी सगळं लक्ष घातलं ते आवाजात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम पाठच झाले होते म्हणा ना. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. मध्यरात्रीपर्यंतची सवलत सरकार देऊ शकतं ती वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. आमचा दिवस सवलतीत बसत नव्हता, म्हणून दहाच्या ठोक्याला बंद करायचं, एवढं एकच टेन्शन घेऊन मी घड्याळाकडे बघत बसले होते.

दुपारी पावसाची सर येऊन गेली होती. परतीचा पाऊस, आपल्याकडे नवरात्रात असतोच. तात्पुरतं वीज कनेक्शन आम्ही रीतसर घेतलं होतं, वायरमनने तपासून दिलं होतं. पण ऐन वेळी गिटारच्या ॲम्प्लिफायरला बोर्डात जागा उरली नाही. कुणीतरी शेजारच्या घरातून एक्स्टेंशन ओढलं. 'कुणीतरी' कशाला, मीच म्हटलं होतं, काकूंकडून घ्या.

दुसऱ्या गाण्याला भाचा माइकजवळ गेला, ओठ जाळीला लागले आणि तो मागे फेकला गेला. अर्ध्या लोकांना वाटलं स्टाइल आहे. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

पोरगा वाचला. ओठ भाजला, डॉक्टरांनी रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं, सकाळी तो इडली मागत होता. पण त्या रात्री वहिनीला मी फक्त 'जरासा शॉक बसला' एवढंच म्हटलं. एक्स्टेंशनचं बोललेच नाही.

पुढच्या रविवारी दिवा-रोहा गाडी पकडून मामाकडे गेले. मामाचं रोह्यात पूर्वी लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. धावीर महाराजांच्या पालखीपासून लग्नांपर्यंत सगळीकडे त्याचे कर्णे. (पालखीला पोलिसांची सलामी असते, तेव्हा माइक खरखरला तर मामाला आठवडाभर झोप यायची नाही.) मला वाटलं ओरडेल. त्याने वहीचं पान फाडून चित्र काढलं.

"अगं, माइकची जाळी मिक्सरमधून अर्थिंगला जोडलेली. काकूंच्या घरच्या सॉकेटला अर्थिंगच नाही. ॲम्प्लिफायरमधून थोडी वीज गळत असणार, ती जायची कुठे? तारांवर येऊन थांबली. पोराचा हात तारांवर, ओठ जाळीवर. वाट सापडली तिला."

"मग एमसीबी का नाही पडला?"

"तो जास्त लोड झाला किंवा शॉर्ट झालं की पडतो. माणूस मरायला तेवढी वीज लागत नाही. गळती ओळखणारा वेगळा असतो, तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी. तो आधी नीट अर्थिंग करून लावायचा. आणि सगळी वाद्यं, सगळा साउंड एकाच बोर्डावरून." मग जरा थांबून, "पोरगा अनवाणी होता का?"

होता. नवरात्राचे नऊ दिवस तो चप्पल घालत नाही. ओल्या फळ्यांवर अनवाणी.

घरी येऊन मी शोधायला बसले की हे कुठे लिहिलेलं आहे का. आहे हो! महावितरण दरवर्षी गणपती-नवरात्राच्या आधी मंडळांना आवाहन करतं: अधिकृत कनेक्शन घ्या, अर्थिंग करा, तुटक्या, उघड्या वायर वापरू नका. पेपरात बातमी येते आणि आपण पान उलटतो. मीही उलटलंच असणार.

गर्दीचं मात्र वेगळीकडे आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये एक जाडजूड इंग्रजी मार्गदर्शिका काढली. ती वाचताना मला कोचीच्या विद्यापीठातली संध्याकाळ आठवली, २५ नोव्हेंबर २०२३. गाण्याचा कार्यक्रम, पाऊस आला, बाहेरची मुलं एकाच फाटकातून आत घुसली, पुढे पायऱ्या होत्या. चार जण गेले. आमच्या मंडपालाही एकच तोंड होतं, दुसरीकडे आम्ही प्रायोजकांचे बॅनर बांधले होते. त्या रात्री दुपारची सर संध्याकाळी आली असती तर...

असो. यंदा बॅनर वर गेलेत आणि मागची बाजू मोकळी आहे. आरसीसीबी बसवलाय, त्याचं टेस्ट बटण रोज दाबायचं काम माझं. मामा म्हातारपणी मल्टिमीटर घेऊन येणार आहे. गाणं सुरू होण्याआधी एक टोक माइकच्या जाळीला, एक गिटारच्या तारेला. काटा हलला तर त्या दिवशी गाणं नाही, प्रमुख पाहुणे बसलेले असले तरी नाही. यावरून मंडळाच्या बैठकीत थोडी वादावादी झाली, पण ठराव लिहून घेतला.

भाचा अनवाणीच गाणार. देवीचं आहे, त्यात मी पडत नाही. म्हणून माइकखाली रबरी मॅट टाकायची ठरलं. वहिनीला सगळं सांगितल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी मॅट तीच घेऊन आली. मंडपात अंथरली, चप्पल काढली आणि बराच वेळ स्वतःच तिच्यावर उभी राहिली.